ट्रान्सप्लांट सर्जन व्हायचंय, पण गाव आर्णी तालुक्यात आहे

प्रश्न विचारणारी मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, यवतमाळ जिल्ह्यातली. काका दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, एसटीने जाऊन एसटीने परत. ती विचारते: ट्रान्सप्लांट सर्जन व्हायला किती वर्षं लागतात? संशोधन संशोधन म्हणतात ते या क्षेत्रात नेमकं काय असतं? माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीला जमेल का? आणि शिकून विदर्भात परत आले तर हाताला काम असेल का?

वर्षांचा हिशेब आधी उरकून टाकू. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं. मग जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, तीन वर्षं. त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन सुपर स्पेशालिटीची तीन: किडनीकडे जायचं असेल तर युरोलॉजी, लिव्हरकडे जायचं तर सर्जिकल गॅस्ट्रो किंवा हेपॅटो-बिलिअरी, हृदयाकडे जायचं तर कार्डिओथोरॅसिक. वर फेलोशिपचं एखादं-दोन वर्ष, मध्ये सरकारी सेवेचा बाँड. बत्तिशी-तेहतिशी गाठेपर्यंत तू कुणाच्या तरी हाताखालीच असशील. गावातल्या मैत्रिणींची पोरं तोवर चौथीत गेलेली असतील, आणि दर दिवाळीला कुणीतरी विचारेल, "अजून शिक्षणच सुरू हाय का वं?" याची तयारी ठेव. हिशेब संपला. उरलेल्या तीन प्रश्नांवर मात्र जरा बैठक मारून बोलतो.

मी आर्वीकडच्या एका कापूसवाल्या कास्तकाराचा मुलगा. 1988 साली नागपूरच्या मेडिकलला लागलो. इंटर्न असताना रात्री अपघाताच्या केसेस यायच्या. डोक्याला मार, व्हेंटिलेटरवर, बाहुल्या पसरलेल्या. सिनिअर म्हणायचे, "मेंदू गेला." पण कायद्याच्या लेखी तो माणूस जिवंत असायचा, आणि आम्ही हृदय थांबायची वाट बघत बसायचो. त्याच वर्षी, 1994 ला, मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूच्या बुंध्याचा, मृत्यू म्हणजे मृत्यू, असं देशात पहिल्यांदा कागदावर आलं. वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी 1971 मध्येच बसली होती. म्हणजे हातात कसब येऊन वीसेक वर्षं झाली होती, आणि मेलेल्या माणसाकडून अवयव घ्यायला कायद्याची चौकट आत्ता कुठे मिळत होती. मी या क्षेत्राकडे ओढला गेलो तो त्या रात्रींमुळे. सुरी-कात्रीचं आकर्षण नंतरचं.

लोकांना वाटतं ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन. किडनीचं ऑपरेशन तसं तीन-चार तासांचं. जुन्या किडन्या बहुधा काढतच नाही. नवी किडनी खाली ओटीपोटाच्या एका बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोबणीत ठेवायची. तिची शीर पायाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला, धमनी तिथल्या धमनीला, आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडायची. कितीतरी पेशंट नंतर विचारतात, "म्हंजे आता माह्याजवळ तीन किडन्या हाय का जी?" हो, तीनच.

रक्तवाहिनी रक्तवाहिनीला शिवायची कशी, हे जगाला शिकवलं अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच सर्जनने. ल्यॉन शहरातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन तो बारीक सुईचं काम शिकला. नळीचं गोल तोंड तीन टाक्यांनी ताणून त्याचा त्रिकोण करायचा आणि मग एकेक सरळ बाजू शिवत जायची, ही त्याची युक्ती. 1912 चं नोबेल त्याला मिळालं. मी हे वाचलं तेव्हा मला माझी माय आठवली. वाकळ शिवताना ती कापडाचे कोपरे आधी टाचून घ्यायची, मग मधला दोरा धावायचा. तुझ्या घरीही कुणी शिवत असेल. सुट्टीत तिच्याजवळ बस. हे गमतीने सांगत नाही. डाव्या हाताने कापड किती ताणायचं आणि सुई कुठं वळवायची, ते बोटांना लवकर कळलेलं बरं. एमएसला आल्यावर पाच-शून्य आणि सहा-शून्य प्रोलीनचा धागा हातात येईल. तो केसासारखा असतो आणि चिमट्याने चेपला की नंतर कधीतरी तुटतो.

रक्त रोखून धरणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, सुटतो तो क्षण सगळे सर्जन रंगवून सांगतात, मीही सांगतो. बर्फातून आलेली किडनी राखाडी-पांढरी असते. रक्त सुटलं की गुलाबी होते, हाताखाली टणक लागायला लागते, आणि नशीब बरं असेल तर मूत्रवाहिनीच्या कापलेल्या टोकातून लघवी टपकायला लागते. ऑपरेशन थिएटरमधला अटेंडंटसुद्धा मान उंचावून बघतो.

पण तुला दुसरीही रात्र सांगायला हवी. मी स्वतंत्रपणे काम करायला लागून तिसरं वर्ष होतं. वाशीमकडचा चोवीस वर्षांचा मुलगा, दाता त्याची आई. साधारणपणे आपण डावी किडनी घेतो, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. या माउलीच्या डाव्या किडनीला दोन धमन्या होत्या, म्हणून मी उजवी घेतली. उजवीची शीर आखूड, धमनी लांब. टाके उत्तम पडले, किडनी गुलाबी झाली, लघवी आली, मी खूश. बंद करताना किडनी खोबणीत बसवली तेव्हा त्या जास्तीच्या लांबीला मुरड पडली असणार. रात्री दोनला लघवी थांबली. ड्युटीवरच्या पोराला वाटलं कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अडकलं असेल. त्याने ते धुतलं, वाट बघितली. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, होईपर्यंत पहाट झाली. पुन्हा उघडलं तेव्हा किडनी जांभळी पडली होती. काढावी लागली.

सकाळी मी आईच्या वॉर्डात गेलो. कुशीत निचऱ्याची नळी, उठता येत नव्हतं. मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "माह्या किडनीतच खोट होती का जी?" मी म्हणालो, "नाही माय, किडनी चांगली होती. चूक माझ्याकडून झाली." त्याआधी दाराबाहेर उभं राहून मी दुसरंच वाक्य जुळवत होतो, तेही तुला सांगून ठेवतो.

तेव्हापासून धमनी मोजून आखूड करतो, किडनी बसवल्यावर जखम तशीच उघडी ठेवून दहा मिनिटं नुसता बघत उभा राहतो, आणि पहिल्या रात्री लघवी अर्ध्यावर आली की कुणाचीही परवानगी न घेता डॉपलर करायचा, असा लेखी नियम युनिटमध्ये आहे. त्या मुलाला चार वर्षांनी मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली. ती मी बसवली नाही, माझ्या सहकाऱ्याने बसवली. मी शेजारी उभा होतो.

आता विदर्भाचं बोलू, कारण पुस्तकातला मेंदूमृत्यू आणि आपल्याकडचा मेंदूमृत्यू यात फरक आहे. नियम तू वाचशीलच: चार डॉक्टरांचं मंडळ, चाचण्यांचे दोन संच, मध्ये किमान सहा तास. शेवटी श्वासाची चाचणी. व्हेंटिलेटर काढून ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साठ मिलिमीटरपर्यंत चढूनही छाती हलत नाही ना, ते बघायचं. पण या सगळ्याच्या आधीची एक पायरी असते आणि घाईत लोक तिच्यावरूनच घसरतात: हा माणूस असा कशामुळे झाला, ते पक्कं माहीत हवं.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. खूण दिसत नाही, सूज नाही. सकाळी पापण्या पडलेल्या, मग श्वास बंद. व्हेंटिलेटरवर घेतल्यावर बाहुल्या मोठ्या, डोळे हलत नाहीत, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. नवख्या डॉक्टरला तो मेंदूमृतच वाटेल. त्या माणसाचा मेंदू मात्र शाबूत असतो, कधीकधी त्याला सगळं ऐकूही येत असतं, आणि काही दिवसांनी तो उठून पाणी मागतो. फवारणीच्या औषधाची विषबाधाही अशीच फसवते. आपल्या यवतमाळात 2017 साली फवारताना किती शेतमजूर आणि कास्तकार आजारी पडले, ते तू शाळेत असताना ऐकलं असशील. विष, झोपेची औषधं, थंड पडलेलं शरीर, स्नायू लुळे करणारं काहीही असलं की चाचण्यांना हातच लावायचा नाही. आधी ते उतरायची वाट बघायची. म्हणून मी माझ्या हाताखालच्या शिकाऊ पोरांना सांगतो, डोक्याचा सीटी बघितल्याशिवाय आणि घरच्यांना "रात्री झोपले कुठं होते?" हे विचारल्याशिवाय माझ्याजवळ "ब्रेन डेड" हा शब्द काढू नका.

दुसरी अडचण अंतराची. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, सगळी नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मेंदूमृत माणसाचं शरीर सांभाळणं हे जिवंत माणसाला सांभाळण्यापेक्षा अवघड असतं. मेंदूतून येणारी संप्रेरकं बंद झाली की लघवीचा पाट सुटतो, सोडियम चढतं, रक्तदाब कोसळतो, अंग गार पडतं. एकदा एका गावचं कुटुंब, एकुलता एक मुलगा गेलेला, स्वतःहून पुढे आलं. मुलगा ज्या दवाखान्यात होता त्याची अवयव काढण्यासाठी नोंदणी नव्हती. म्हणून अँब्युलन्समध्ये घालून नागपूरला निघाले, आणि वाटेतच हृदय थांबलं. बापाने डोळे तरी घ्या म्हटलं. डोळे हृदय थांबल्यावर सहा तासांच्या आत घेता येतात, ते घेतले. 2011 ची कायदादुरुस्ती अशा ठिकाणांसाठीच होती: जिथं प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशन थिएटर आहे, त्या रुग्णालयाला नुसतं अवयव काढायची नोंदणी घेता येते. मग आमची टीम तिथं येते, दाता हलत नाही. कागद कंटाळवाणे आहेत, तपासणी होते, दरवेळी काहीतरी कमी निघतं. तरी मला विचारशील तर विदर्भात सर्जन वाढवण्याआधी अशी रुग्णालयं वाढली पाहिजेत. हे माझ्या सर्जन मित्रांना आवडत नाही.

अवयव निघाल्यावर घड्याळ सुरू होतं. बर्फात, चार अंशांच्या आसपास, संरक्षक द्रवात हृदय साधारण चार तास टिकतं, लिव्हर आठ ते बारा, किडनी दिवसभर किंवा थोडी जास्त. आता समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर मनात धर. लिव्हर कदाचित रस्त्याने मुंबईला पोचेल, हृदय नाही पोचणार. त्याला विमानच हवं, आणि विमानतळापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा करून द्यायला हवा. कोणता अवयव कुणाला हे सर्जन ठरवत नाही. नागपूरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती यादीप्रमाणे ठरवते. तुझ्या काकांसाठी मला फोन करून उपयोग नाही, हेही यात आलं.

संशोधनाकडे येतो. तुझ्या मनात बहुतेक डुकराचं हृदय असेल. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत मेरीलँडला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय माणसाला बसवलं, मार्च 2024 मध्ये बॉस्टनला तशीच किडनी बसवली. दोन्ही पेशंट सुमारे दोन महिने जगले. काम मोठं आहे, आणि ते तिकडे होऊ दे.

मला या क्षेत्राच्या इतिहासातला जास्त भावतो तो मातीचा भाग. 1954 च्या डिसेंबरमध्ये जोसेफ मरेंनी बॉस्टनला पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची, म्हणजे शरीराला परकी वाटणारच नाही अशी. परकी किडनी शरीर का नाकारतं, हे पीटर मेडावर यांनी कातडीच्या कलमांवरून दाखवलं होतं. हा नकार दाबणारी सुरुवातीची औषधं ओबडधोबड होती. मग नॉर्वेच्या एका पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली, तिच्यातून सायक्लोस्पोरिन आलं. अमेरिकेत 1983 ला मंजूर झालं. जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून 1984 मध्ये टॅक्रोलिमस आलं, जे आज माझा जवळजवळ प्रत्येक पेशंट सकाळ-संध्याकाळ घेतो. रापामायसिनचं नावच मुळी रापा नुई बेटावरून पडलंय, तिथल्या मातीत सापडलं म्हणून. वर्षभरानंतर आज शंभरातल्या नव्वदांहून जास्त किडन्या चालू असतात, त्यात सर्जनच्या टाक्यांपेक्षा या मातीचा वाटा मोठा आहे. काळ्या जमिनीत राबणाऱ्या माणसांना हे सांगितलं की ते गोळी जरा आदराने घेतात, असा माझा अनुभव.

आदराने घेतात, पण दररोज घेतात का? माझं स्वतःचं संशोधन म्हणशील तर ते एका वहीतून सुरू झालं. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सतत खालीवर होत राहिली की किडनी लवकर जाते, हे जगभर दिसलंय. माझ्या काही पेशंटांची पातळी का हेलकावे खाते ते कळत नव्हतं. आमच्या समन्वयक बाईंनी ओपीडीत एक जाड वही ठेवली: गाव, एसटी थांबा किती लांब, गोळ्या कुठून घेतल्या, कोणत्या महिन्यात सुटल्या. दोन वर्षांनी वही चाळली तर गोळ्या सुटायचे महिने डोळ्यांत भरले. एक पेरणीचा जून, दुसरा पोळ्याच्या मागचा-पुढचा काळ, जेव्हा कापूस अजून झाडावर असतो आणि घरात पैसा नसतो. एकाने मला सरळ सांगितलं, "डॉक्टरसाहेब, युरिया घेतला तं गोळी नाई, गोळी घेतली तं युरिया नाई." किडनी किती चालते ते दाखवणारा त्याचा क्रिएटिनिन त्या वर्षी चढला तो पुन्हा उतरलाच नाही. वहीतली ती निरीक्षणं म्हणजे काही मोठा शोध नव्हे. पण तेव्हापासून आम्ही मे महिन्यातच तीन महिन्यांच्या गोळ्यांची सोय बघायला लागलो.

दुसरं उदाहरण टीबीचं. प्रत्यारोपणानंतर आपल्याकडे टीबी होतो, कारण प्रतिकारशक्ती आपणच दाबलेली असते. गावातला डॉक्टर नियमाप्रमाणे रिफाम्पिसिन सुरू करतो. रिफाम्पिसिन यकृताला टॅक्रोलिमस झपाट्याने मोडायला लावतं, पातळी तळाला जाते आणि शरीर किडनीवर उठतं. टीबी बरा होतो, किडनी जाते. यावर औषध बदलायचं, का डोस वाढवून पातळी वारंवार मोजायची, हा प्रश्न नॉर्वेत कुणाला पडत नाही. तो आपला आहे.

सिकलसेल बघ, रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे, किती घरांत तो आहे. ज्याला आजार नाही पण एक जनुक आहे, कार्डावर 'एएस' लिहिलेलं असतं, अशी आई मुलाला किडनी देऊ शकते का? किडनीचा आतला भाग मुळात कमी ऑक्सिजनचा आणि खारट. तिथं वाहकाच्याही पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, लघवीतून रक्त जातं, लघवी घट्ट करायची ताकद कमी होते. सगळी केंद्रं यावर एकसारखा निर्णय घेत नाहीत. मी स्वतः अशा दात्याची लघवी, सोनोग्राफी, प्रथिनं सगळं तपासून, पर्याय असेल तर दुसरा दाता घेतो. यापेक्षा पक्कं उत्तर हवं असेल तर आपल्याच लोकांमध्ये वर्षानुवर्षं दात्यांचा पाठपुरावा करावा लागेल. मला वेळ उरला नाही. तुला आहे.

आणि अकोला-बुलडाणा-अमरावतीचा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं सांगतात, खाऱ्या पाण्याने किडन्या गेल्या. असेलही. पण आंध्रातल्या उद्दानममध्ये, श्रीलंकेत, मध्य अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत अशाच न उलगडणाऱ्या किडनीविकारावर कितीतरी वर्षं काम चालू आहे आणि पाणी, ऊन, कीटकनाशकं यांतला नेमका दोषी कोण, यावर अजून एकमत नाही. म्हणून गावात जाऊन "पाण्यामुळेच" असं भाषण ठोकू नकोस. रक्तदाब मोज, साखर मोज, दुखण्याच्या गोळ्या किती खातात ते विचार. उन्हात कापूस वेचून कंबर धरली की मेडिकलच्या दुकानातून दोन गोळ्या, रोज, वर्षानुवर्षं. या चिल्लर गोष्टी मोजून झाल्यावर जे उरेल ते खरं कोडं.

मुलीला जमेल का, हे तू विचारलंस त्यावर थोडंच बोलतो. युरोलॉजीत मुली कमी आहेत आणि तुला पुरुष पेशंटच्या तपासणीवरून टोमणे मारणारे सिनिअर भेटतील. हातात ताकद लागत नाही, पायांत लागते. आठ तास उभं राहता आलं पाहिजे. मात्र एक गोष्ट बाई असल्याने तुला जास्त चांगली करता येईल. माझ्याकडे किडनी द्यायला येणाऱ्यांत बहुतेक बायाच असतात, आई नाहीतर बायको, आणि घ्यायला बहुतेक बाप्ये. दात्याला मी नेहमी एकटीला आत बोलावतो, सासू-नवरा बाहेर. विचारतो, "मनातून द्यायची हाय का?" कितीजणी खाली बघून "हाव" म्हणतात आणि ते "हाव" नसतं. तेव्हा मी "वैद्यकीय कारणाने जुळत नाही" असं बाहेर सांगतो आणि कारण कुणालाही सांगत नाही. तुझ्याजवळ त्या लवकर बोलतील. एखादा पुरुष नातेवाईक म्हणून आणला जातो आणि मागे सावकाराचं कर्ज असतं, तेही या खोलीतच कळतं. अवयवाच्या विक्रीला पाच ते दहा वर्षांची कैद आहे, डॉक्टरलाही.

परत आल्यावर काम आहे का? नागपूरच्या सुपर स्पेशालिटीत सरकारी किडनी प्रत्यारोपण 2016 मध्ये सुरू झालं, त्याआधी गरिबाला मुंबई-पुण्याशिवाय मार्ग नव्हता. वर्ध्याजवळच्या सावंगीला होतं, अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत झालंय, खासगीतही होतं. महात्मा फुले योजनेतून किडनी प्रत्यारोपणाला मदत मिळते. काम भरपूर आहे. पगार पुण्या-मुंबईपेक्षा कमी मिळेल आणि रात्री फोन जास्त येतील. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, समन्वयक आणि पातळी मोजणारी प्रयोगशाळा नसेल तिथं एकटी जाऊन बोर्ड लावू नकोस. एकट्या सर्जनने ट्रान्सप्लांट होत नाही. मी ते एकदा करून बघितलंय आणि वर्षभरात गाशा गुंडाळलाय.

आता तुझ्या काकांचं, कारण ते दहा वर्षं थांबणार नाहीत. आठवड्यातून दोनऐवजी तीन डायलिसिस होऊ शकतात का ते त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचार. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर, ज्या हातावर आहे त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू देऊ नकोस, सुई टोचू देऊ नकोस, त्या हातावर त्यांनी पाण्याचा गुंडही तोलायचा नाही. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लगेच रक्त चढवू द्यायचं नाही, आधी इंजेक्शनने वाढतंय का ते बघायचं. परक्या रक्ताने शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्त जुळवून बघायची चाचणी, जुळत नाही. हिपॅटायटिस बीची लस झालीय का बघ. घरात कुणी द्यायला तयार असो वा नसो, मेंदूमृत दात्याकडून किडनी मिळण्याच्या प्रतीक्षा यादीत त्यांचं नाव नोंदवून टाक, क्रमांक नोंदणीच्या तारखेनेही पुढे सरकतो. काकू तयार असतील आणि रक्तगट जुळत नसेल तरी दार बंद होत नाही. अशाच दुसऱ्या जोडीबरोबर अदलाबदल कायद्याने करता येते. फक्त काकूंना एकदा एकटीला विचार, आणि त्यांचं सिकलचं कार्ड असेल तर येताना घेऊन ये.